शहनाझकडे ठेवलेलं प्रस्थान

६ फेब्रुवारी २००४, शुक्रवार

सगळ्यांत आधी याकूब आला. सांगितलेल्या वेळेच्याही आधी, आणि हातात खजुराचा डबा. नीरव नेहमीसारखा उशिरा, हात हलवत, आणि दारातूनच, "आजी, वास कसला येतोय?" थालीपिठांचा येतोय हे त्याला लिफ्टमध्येच कळलेलं असतं. पण विचारायचं.

हा नीरव आमच्या शार्दूलच्या वर्गातला, पहिलीपासूनचा. आईवडील अबुधाबीला, तिकडे खलिफा सिटीत. हा नोकरीसाठी दुबईत एकटा राहतो, म्हणून शुक्रवारचं जेवण आमच्या करामाच्या घरी. मला नातू एक, पण ताटं दोन वाढायची सवय झाली आहे. याकूब त्या दोघांच्या ऑफिसातला. वडील इराणी, देऱ्याला त्यांची रोट्यांची भट्टी आहे. मुलगा इथेच वाढलेला, हिंदी आपल्यासारखं बोलतो. मला माँजी म्हणतो. फार अदबीचा.

तर तिघांचं ठरलंय. मुसलमानी नव्या वर्षाची सुट्टी आहे, तेव्हा इराणात याकूबच्या काकाच्या गावी जायचं. तेहरानच्या वर डोंगर आहेत, तिथे चार-चार महिने बर्फ. पायाला फळ्या बांधून डोंगर चढायचा आणि घसरत खाली यायचं. पाळण्यात बसून वर जायची सोय असते तिथे नाही, तर जिथे कोणी पाऊल टाकलं नाही तिथे. मी म्हटलं, घसरत खालीच यायचं तर चढता कशाला? नीरव म्हणाला, "आजी, यू आर राइट. आम्ही गाढव आहोत. अजून एक वाढा."

जेवणं झाल्यावर याकूब म्हणाला, माँजी, थोडी साखर द्या, मैदा द्या आणि एक मोठी थाळी. मला वाटलं काही गोड करून दाखवतो. मी आपली पितळी परात दिली. त्याने तळाला साखर पसरली. म्हणाला, हा डिसेंबरचा बर्फ. त्याच्यावर कडक थंडीच्या कोरड्या रात्री गेल्या की त्याची अशी साखर होते, कण कणाला धरत नाही. मग त्याच्यावर मैदा ओतला आणि वाटीने दाबून दाबून घट्ट केला. हा नवा बर्फ, म्हणाला, वाऱ्याने आणून बसवलेला. वरून पाहिलं तर काय दिसतं? मी म्हटलं, छान दिसतं, सारवल्यासारखं. मग त्याने परातीची एक कड हळूहळू उचलली. काही झालं नाही. अजून उचलली. काही नाही. मग त्याने वरच्या बाजूला एका बोटाने टिचकी मारली आणि काय सांगू, मैद्याला आडवी भेग गेली आणि अख्खी वडीच्या वडी खाली सुटली ती थेट सुनेच्या मांडीवर. हेमा किंचाळली, "अहो, माझी नवी साडी!" नीरव हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही डोळे पुसले.

याकूब हसला नाही. म्हणाला, "ऐसे ही होता है, माँजी. ऊपर से सब ठीक दिखता है."

मग त्यांनी पिवळे डबे दाखवले. साबणाच्या वडीएवढे, पट्टे लावलेले, छातीला बांधायचे. प्रत्येकाला एक. तो डबा सारखा हाक मारत असतो, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. कोणी बर्फाखाली गेला तर बाकीच्यांनी आपला डबा फिरवून ऐकण्यावर लावायचा, की तो टिकटिक करत बरोबर तिथे नेतो. पण लवकर करावं लागतं. पंधरा-वीस मिनिटांनंतर खालचा माणूस गुदमरतो. हे सांगताना नीरवने स्वतःचा गळा धरून जीभ बाहेर काढली, तर हेमाने त्याला चांगलं झापलं.

मी म्हटलं मला करू दे. मग नीरव डबा घेऊन लपवायला गेला आणि मी दुसरा हातात धरून घरभर. टिकटिक जोरात झाली की बरोबर, मंद झाली की चुकलं. तांदळाच्या पिंपात सापडला! गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू जायच्या आत मी शोधला. शार्दूल म्हणाला, "आजी, यू आर हायर्ड." चौथी पास बाईला नोकरी.

परात घासायला ठेवली. मैदा चाळून घेतला, पण साखर काही वेगळी होईना. शेवटी टाकून दिली.

११ फेब्रुवारी, बुधवार

याकूबच्या काकाचा फोन आला की तीन दिवस बर्फ पडतोय आणि वारा आहे. शार्दूल खूश. सूनबाईचं तोंड एवढंसं. ती मैदा मांडीवर पडल्यापासून घाबरली आहे. सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, आई, माझं तो ऐकत नाही, यांचं तर कोणीच ऐकत नाही, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. माझा मुलगा सुरेश पेपरमागून म्हणाला, "सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, त्याला काय खोलीत कोंडायचं?"

मी सांगते म्हटलं. संध्याकाळी तो आल्यावर खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "आजी, वी विल चेक. याकूब खड्डा खणून थर बघतो. साखर सापडली तर आम्ही त्या बाजूला जाणारच नाही. प्रॉमिस." आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा पडला. सव्वीस वर्षांचा घोडा. केसांत हात फिरवत बसले. त्याला मागे एक भोवरा आहे, माझ्या सासऱ्यांना होता तसाच.

हेमा रागावली आहे. म्हणाली, तुम्हाला पाठवलं कशाला आणि तुम्ही केलंत काय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास आहे, पण चहा दोनदा जास्त झाला.

कॅलेंडर पाहिलं तर शुक्रवारी अमावस्या. बरोबर निघायच्या दिवशी. शार्दूलला म्हटलं एक दिवस पुढे ढकल, तर तिकिटं काढून झाली आहेत. मग मला उपाय आठवला. प्रस्थान ठेवायचं. आमच्याकडे चिपळूणला हे फार होतं. जायच्या दिवशी मुहूर्त नसला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू गाठोड्यात बांधायची, बरोबर सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, आणि शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या चांगल्या दिवशीच निघाला असं धरतात. मग खऱ्या दिवशी जाताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. ह्यांच्या प्रत्येक बदलीच्या वेळी मी ठेवलं आणि प्रत्येक वेळी हे धडधाकट परत आले.

वस्तू अंगावरची हवी. शार्दूल ऑफिसला गेल्यावर त्याची बॅग उघडली. जाकीट एवढं जाड की गाठोडं व्हायचं नाही. पायमोजे ठेवणं बरं दिसेना. मग तो पिवळा डबा दिसला, अगदी छातीशी बांधायचा. त्याच्याइतकं अंगावरचं दुसरं काय? आणि मी आणखी एक विचार केला. किरकोळ वस्तू ठेवली तर हा घाईत तशीच सोडून जाईल. जिच्याशिवाय भागत नाही तीच ठेवली तर शेजारच्या दाराशी थांबावंच लागेल. माझा नातू मी ओळखते.

लाल खणात बांधलं आणि समोरच्या शहनाझकडे दिलं. ती हैदराबादची, तिला सगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणाली, "अम्माजी, हमारे यहाँ सफ़र पे जानेवाले के बाज़ू पे इमाम-ज़ामिन बाँधते हैं, वैसाइच ना?" म्हटलं, अगदी तसंच. तिने शोकेसमध्ये ठेवलं, नवऱ्याच्या ट्रॉफीशेजारी.

हेमाला सांगितलं की प्रस्थान ठेवलंय. काय ठेवलं ते तिने विचारलं नाही. पण माझ्याशी पहिल्यासारखं बोलली, आणि साबुदाण्याची खिचडी मला आधी वाढली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेली मुलं.

फार गडबड झाली. शहनाझ घरात नाही! तिच्या बहिणीला शारजाला दवाखान्यात नेलं, दिवस भरले होते, ती काल दुपारीच नवऱ्यासकट तिकडे गेली म्हणे. मी बेल वाजवते आहे, दार ठोकते आहे, खालून नीरव गाडीचा हॉर्न वाजवतोय. शार्दूल पाठीवर ती एवढी मोठी बॅग, खांद्यावर फळ्या, कानाला फोन. म्हणाला, "आजी, सुपारी-तांदूळच ना? परत आल्यावर घेतो. यल्ला, फ्लाइट जाईल."

मी बोलणार होते. पण तोवर त्याने पाया पडून पाऊल उचललं होतं, लिफ्टमध्ये एक पाय. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं आणि "ये" म्हटलं. तो "येतो" म्हणाला. जातो म्हणाला नाही, एवढं तरी शिकवलंय.

मग खिडकीतून पाहिलं. नीरवने गाडीतून हात काढून मला टाटा केलं आणि ओरडला, पुढच्या शुक्रवारी थालीपीठ! चौथ्या मजल्यावर ऐकू आलं.

तिघांत दोन डबे आहेत. बरोबरच तर असणार आहेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शार्दूलचा फोन. सुखरूप पोचले. काकाच्या घरी मातीची शेगडी आहे, तिच्यावर रजई घालून सगळे पाय आत घेऊन बसतात. मग म्हणाला, "आजी, माझा पिवळा सेट पाहिलास? बॅगेत नाही." मी सांगितलं, अरे, तोच तर प्रस्थानात ठेवला.

मग हसला. तसं हसणंच ते. म्हणाला, "खलास. ठीक आहे, आजी. सेटशिवाय याकूब वर नेत नाही. मी खाली थांबेन, फोटो काढेन. तू कोणाला सांगू नकोस हं, आईला तर अजिबातच नको."

बघा, म्हणजे त्याला डोंगरावर जायचंच नाही आता. हेमाला सांगावंसं फार वाटलं, पण शब्द दिला.

शहनाझच्या बहिणीला मुलगा झाला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी तिकडे बर्फाची दरड सुटली.

शार्दूल वाचला. त्याला ओरखडासुद्धा नाही. याकूबचा पाय मोडला. नीरव गेला.

सकाळी फोन सुरेशने घेतला. तो नुसता हो, हो म्हणत होता आणि भिंतीवरचं प्लॅस्टर नखाने खरवडत होता. हेमा समोर उभी. त्याने फोन ठेवून आधी "आपला ठीक आहे" म्हटलं, आणि मग नीरवचं नाव घेतलं. हेमा खालीच बसली.

मी देवापुढे साखर ठेवली. काय करणार, माझा जीव वाचला. नीरवसाठी रडले, नाही असं नाही, खूप रडले. पण आतून आनंदही होत होता, तो कुठे ठेवू? शहनाझकडे गेले, ती शारजाहून आली होती. तिला म्हटलं, बघ, प्रस्थान तुझ्या घरातून हललंच नाही, म्हणून माझा नातू डोंगरावर चढलाच नाही. तिने मला छातीशी धरलं. गाठोडं परत देऊ का विचारलं. म्हटलं नको, माणूस घरी आल्यावरच आणायचं असतं.

खालच्या मजल्यावरच्या भिकाजीरावांनाही सांगितलं. ते म्हणाले, तुमची पुण्याई.

१ मार्च, सोमवार

शार्दूल काल आला, नीरवला घेऊन. मधे कागदपत्रांचे पाच-सहा दिवस गेले. विमानतळावरून तसेच सगळे स्मशानात गेले, बायका घरी.

बारीक झालाय. मी भाताचा घास हातात घेऊन बसले तर खातो, पण चावत नाही, नुसता तोंडात ठेवतो. हाताची नखं काळी-निळी आहेत, दोन तर उपटलीच आहेत. मी म्हटलं, फोनवर ओरखडा नाही म्हणालास! तर म्हणाला, "ते खणून झालं, आजी."

गाठोडं आणलं शहनाझकडून. उघडून डबा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून कपाटात, कपड्यांच्या मागे टाकला.

५ मार्च, शुक्रवार

नीरवचं तेरावं तिकडे अबुधाबीला झालं. दुपारी याकूब आला, कुबड्या घेऊन, पाय प्लॅस्टरमध्ये. हातात खजुराचा डबा होताच.

तो सांगायलाच आला होता. माझ्यासमोर जमिनीवर बसायला बघत होता, पायामुळे बसता येईना. म्हणाला, माँजी, माझी चूक आहे. मी खड्डा खणला होता. हातभर खाली साखर होती. मी मुठीत घेतली आणि ती बोटांतून सांडली. चढताना एकदा आवाजही आला, धप्प, जाड गादीवर कोणी बसल्यावर येतो तसा. डोंगर सांगत होता. मी म्हटलं, बाजूच्या धारेने उतरू. पण शेवटचा दिवस, ऊन पडलेलं, नीरव म्हणाला एवढासाच उतार आहे. मी म्हटलं, ठीक है, एक-एक करके. तो आधी गेला. तो मधोमध होता आणि भेग माझ्या पायाखालून गेली.

शार्दूल ओढ्याच्या पलीकडे उभा होता. त्याने सगळं पाहिलं.

मी विचारलं, मग रे? तर शार्दूलच बोलला, खिडकीकडे बघत, जणू दुसऱ्याचं सांगतोय. सगळं थांबल्यावर फार शांत होतं म्हणे. वर काहीच दिसत नव्हतं, फक्त एक हातमोजा हलत होता. तो याकूबचा. त्याला आधी उकरला. फावडं होतं, पण सुटलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो. याकूबचा डबा त्याच्या छातीवर, म्हणजे सगळ्यांत खाली. तो हाताला लागेपर्यंत फार वेळ गेला. मग त्या डब्याने नीरव लगेच सापडला. अगदी लगेच. शार्दूल उभा होता तिथून आपल्या लिफ्टपासून शहनाझच्या दाराइतका लांब.

याकूब म्हणाला, "अगर तेरे पास सेट होता ना यार..."

"भूल गया था," शार्दूल म्हणाला. "बोला ना. घर पे भूल गया था."

हा विसरला नव्हता. मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आजी, चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. साखर घालायची राहिली, कोणी म्हटलंही नाही.

१२ मार्च, शुक्रवार

नीरवचे आईवडील आले. प्रल्हादराव आणि शोभनाताई. आधी त्या आत आल्या, ते गाडी लावायला जागा शोधत राहिले. शोभनाताई दारातच थांबल्या, चपलांच्या रॅककडे बघत. खालच्या खणात नीरवच्या घरातल्या सपाता अजून आहेत. हेमाने पटकन पुढे होऊन त्यांचा हात धरला.

बोलणं काय होणार. पाणी, चहा. प्रल्हादरावांनी उन्हाळा लवकर सुरू झाला म्हटलं. सुरेश हो म्हणाला. मग शोभनाताई एकदम शार्दूलला म्हणाल्या, आवाज चढवला नाही, अगदी हळू, "पहिलीपासून तुझा डबा विसरायचा आणि तो त्याच्यातला अर्धा तुला द्यायचा. माहीत होतं मला, म्हणून मी एक पोळी जास्त द्यायचे. हेही विसरलास?"

"हो, काकू," तो म्हणाला. "विसरलो."

"एकच वस्तू होती रे न्यायची."

"हो, काकू."

मी समोरच बसले होते. माझे ओठ हलले, मला जाणवलं. शार्दूल उठून माझ्या खुर्चीमागे आला आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभा राहिला. जड हात. त्याची नखं अजून आलेली नाहीत.

जाताना प्रल्हादराव म्हणाले, आज तिच्याने होत नाही, नीरवचे कपडे, पुस्तकं इथे काही असतील ती न्यायला पुढच्या शुक्रवारी येतो. शोभनाताई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले. का घेतले कोण जाणे, पण घेतले.

१४ मार्च, रविवार

भिकाजीराव जिन्यात भेटले. आपल्या मिसेसना म्हणाले, यांनीच ते प्रस्थान ठेवलं होतं, नातू वाचला. मी नमस्कार करून पुढे गेले. दूध घ्यायला खाली उतरले होते, ते न घेताच वर आले.

१५ मार्च, सोमवार

घरात कोणी नव्हतं. शार्दूलच्या कपाटातून डबा काढला. नीरवने शिकवलं होतं तसं बटण फिरवून ऐकण्यावर लावला आणि हातात धरून घरभर फिरले. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी. तांदळाच्या पिंपापाशी थांबले. टिकटिक करायला दुसरा डबा लागतो, तो नाही, म्हणून तो गप्पच. गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू गेला.

त्या दिवशी उतू जायच्या आत सापडला होता.

हेमाने येऊन ओट्यावरचं पुसून घेतलं. म्हणाली, आई, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, इथेच.

१७ मार्च, बुधवार

नीरवचे दोन शर्ट, एक टॉवेल आणि त्या सपाता धुऊन, वाळवून पिशवीत भरल्या. लाल खणाची घडी घातली. सुपारी, हळकुंड, तांदूळ अजून तसेच होते त्यात, ते काढले नाहीत. डबाही परत त्यातच बांधला. शुक्रवारी टेबलावर ठेवीन, चहाच्या आधी.

शार्दूलला कळलं तर बोलू देणार नाही. त्याला त्या वेळी दूध आणायला खाली पाठवायचं. बाहेर पडून लिफ्टमध्ये शिरला की मी दार लावून घेईन.

शुक्रवारी चार वाजता येतो म्हणाले आहेत.